रजईने पूल हलवला

तीर्थस्वरूप मामांना तुमच्या भाच्याचा लांबूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? (दोघांचं वेगवेगळं कळवा. मागच्या वेळी नुसतं 'बरं आहे' लिहिलंत, कोण बरं ते कळेना.)

मी खुशाल. खुशाल कसला, गाजतोय! तुमच्या सायकलच्या दुकानातून पळालो तेव्हा तुम्ही म्हणालात, याचं बूड कुठेच टिकायचं नाही. तर ऐका. इथे नदीवर मोठा पूल आहे आणि तो हलतो. घाबरू नका, वाऱ्याने, उन्हाने मोठे पूल बोटभर हलायचेच. जास्त हलला तर मात्र धोका. म्हणून पुलावर जागोजागी डबे बसवलेत. आपण नेमके कुठे आहोत ते त्यांना आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं. (माझे ग्रह कधी धड नव्हते, उपग्रहांनी हात दिला.) एक डबा मात्र काठावर, माझ्या खोलीमागच्या खांबावर. तो स्थिर डबा. पूल किती हलला ते त्याच्यापासून मोजायचं. त्याची राखण माझ्याकडे, पण नोकरी तात्पुरती.

परवा मी रजई धुतली. ओली रजई म्हणजे म्हैस, मामा! दोरीचं एक टोक खिडकीला बांधलं, दुसरं त्या खांबाला, आणि रजई वर वाळत घातली. थोड्या वेळात ऑफिसात बोंब, पूल दोन बोटं सरकला! वाहतूक बंद, साहेब लोकांची पळापळ, आणि मी ऐटीत गर्दी मागे सारतोय. इंजिनिअर मॅडमनी मात्र (हे मला नंतर कळलं) आकडे बघून ओळखलं, सगळे डबे एकदम, एकाच बाजूला, एकसारखे कसे सरकतील? स्थिर डबाच हललाय. तशा तडक खोलीमागे आल्या.

"खांबाला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"हात नाही लावला, मॅडम. रजई लावली."

नोकरी गेलीच होती. पण मोठे साहेब हसत सुटले. वरच्या लोकांना शंका होती, आकाशातून बोटभर हालचाल काय कळणार? आता रजईसुद्धा डब्यांच्या नजरेतून सुटत नाही म्हटल्यावर त्यांना बोलावून खास प्रयोग झाला. रजई घातली, आकड्यांत पूल सरकला. काढली, जागेवर आला. घालणारा-काढणारा मी! टाळ्या पडल्या, मामा. मला कायम करायचं ठरलं.

तुमचा, स्थिरस्थावर झालेला भाचा

ता. क. कायम व्हायला घरच्या वडीलधाऱ्याचं पत्र लागतं, की मुलगा शांत, एका जागी टिकणारा आहे. शपथेवर लिहायचं नाहीये, तेव्हा बिनधास्त लिहा. जीव धजत नसेल तर मामी लिहितील, तुम्ही नुसती सही ठोका.

पुन्हा ता. क. जरा घाई करा. तोवर काठावर दुसरा माणूस ठेवलाय आणि मला पुलाच्या मधोमध उभं केलंय. मॅडम म्हणतात, तिथे हललेलं चालतं.