तिसऱ्या रविवारची हरकत

आई, कादंबऱ्यांवर तुझा कधीच विश्वास नव्हता, तरी सुरुवात एका कादंबरीपासूनच करावी लागतेय. इथे सांता क्लारात मी ज्या चर्चला जाते, तिथल्या बायका शनिवारी दुपारी मागच्या हॉलमध्ये जमतात आणि सगळ्याजणी एकच पुस्तक वाचून त्यावर बोलतात. बहुतेकजणी सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्यात एकटी मी, आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून डोळे दुखलेली. पुस्तकं सगळी एकाच घाटाची. तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून जहाज निघतं, जहाजात एक भाविक मुलगी असते आणि पलीकडच्या नव्या वसाहतीत तिच्यासाठी ठरवलेला, तिने कधी न पाहिलेला नवरा. मध्ये वादळ, ताप, खारवलेलं मांस, डेकवर गुडघे टेकून प्रार्थना. शेवटी किनारा लागतो, तो ठरलेला नवरा टोपी हातात घेऊन उभा असतो आणि तिला कळतं की देवाने आपल्यासाठी हाच नेमला होता. बायका डोळे पुसतात आणि मग लेमन केक कापतात.

या जूनमध्ये मात्र माझं बिनसलं. जहाजावरून जमीन दिसायला लागली त्या पानावर मी पुस्तक मिटलं ते मिटलंच. बाकीच्या शेवटापर्यंत पोचल्या होत्या, मी अजून समुद्रातच. हॉलमध्ये मी विचारलं, या मुलीला कुणी एकदा तरी विचारलं का, की बाई गं, तुला जायचंय का? आमच्यातली सगळ्यांत थोरली, जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई, चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "हनी, विचारलं असतं तर पुस्तक कशाला झालं असतं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन ते पुस्तक सोफ्यावर असं आपटलं की शेजारच्या काकूंनी काय पडलं म्हणून दार वाजवलं.

कारण त्याच्या आदल्या रविवारी दादाचा फोन आला होता. आवाज असा, जसं मला बक्षीस लागलंय. म्हणाला, आज चर्चमध्ये तुझं लग्न पहिल्यांदा जाहीर झालं, सगळे आनंदात आहेत, पुढच्या महिन्यात सुट्टीवर आलीस की लग्न उरकू. मला आधी कळेचना कोणाचं लग्न. मग आठवलं. महिन्यापूर्वी त्याने फोनवर एका मुलाची माहिती सांगितली होती. पुण्याला कॉलेजात शिकवतो, उपासनेत पेटी वाजवतो, घरचे साधे. सगळं सांगून झाल्यावर "मग?" म्हणाला, आणि मी गप्प राहिले. विचार करत होते, एवढंच. आपल्याकडे मुलगी गप्प राहिली की ते हो असतं, हे मी इथे राहून साफ विसरले होते. दादाने पाळकसाहेबांकडे जाऊन नावं दिली आणि नगरच्या आपल्या चर्चमध्ये, तू बसायचीस त्या बाकासमोर, माझं लग्न जाहीर झालं. तीन रविवार नावं वाचायची आणि दर वेळी कोणाची हरकत आहे का म्हणून मंडळीला विचारायचं. मंडळीत सगळे होते. नव्हते ती फक्त मी.

मी दादावर चिडले. म्हटलं, दोन हजार पाच साल आहे, गप्प बसण्यावर लग्नं ठरवता का? तो खरंच दुखावला. "आईला तरी कुणी विचारलं होतं?" म्हणाला. "तिचं काय वाईट झालं?"

हे त्याने बोलायला नको होतं, कारण मला तू सांगायचीस ती तुझ्या लग्नाची गोष्ट आठवली. नाताळच्या आधीचा आठवडा, तू ओट्याशी करंज्या भरतेयस, मी कातणीने कडा कापतेय. दर वर्षी तीच गोष्ट, आणि दर वर्षी मी मुद्दाम काढायला लावते. तू बायकांच्या बाजूला बसलेली असतेस, पाळक पुलपिटावरून तुझं नाव वाचतात, आणि तू वळून बघतेस की या नावाची दुसरी कोण मुलगी मंडळीत आली. मैत्रीण चिमटा काढते तेव्हा कुठे तुला उमजतं. तू हे सांगताना इतकी हसायचीस की सारण सांडायचं. एकदाच मी विचारलं होतं, तुला राग नाही आला? तू माझ्या हातातली करंजी घेतलीस, मी नीट न दाबलेली कड परत दाबलीस आणि म्हणालीस, "राग यायला सवड कुठे होती? घरी जाऊन दळण आणायचं होतं. तू काम कर." नंतर तू हसली नाहीस, आणि दुसऱ्या वर्षी गोष्ट सांगितलीच नाहीस. पप्पांबरोबर तू सुखात होतीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते थंडीत तुझ्या आधी उठून पाणी तापवायचे. तरी त्या रविवारी, त्या बाकावर, क्षणभर का होईना, उठून उभं राहावंसं वाटलं होतं का तुला? तू गेलीस, हे विचारायचं राहून गेलं, आणि गेले काही आठवडे त्यापायी माझं कशात लक्ष लागत नाही. ऑफिसात एकच स्क्रीन उघडून बसते. भाजी घ्यायला जाते आणि रिकामी पिशवी घेऊन परत येते.

दुसरा रविवारही मी तसाच जाऊ दिला. तिसऱ्या रविवारी नगरला उपासना सुरू व्हायची तेव्हा इथे शनिवारची संध्याकाळ होती, अजून उजेड होता, खाली पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवत होती. मी पाळकसाहेबांच्या घरच्या मोबाइलवर फोन लावला. पाळकीणबाईंनी उचलला. साहेब चर्चमध्ये गेले म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, आज जे लग्न जाहीर होणार आहे, त्याला हरकत आहे. त्या घाबरल्या. कोणाची म्हणून विचारलं, आणि माझी म्हटल्यावर मोबाइल तसाच हातात धरून चर्चकडे निघाल्या. मला त्यांच्या चपला ऐकू येत होत्या, मग कावळे, मग पेटी आणि पहिलं गीत. मग पाळकसाहेबांचा आवाज, अगदी हळू.

"बेटा, कारण काय सांगू मंडळीला?"

"मला कुणी विचारलं नाही, हे."

"मुलाबद्दल काही ऐकलंयस का?"

"नाही. काही नाही."

ते म्हणाले की एवढ्या वर्षांत असलं कारण त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं, पण आज ते नावं वाचणार नाहीत. फोन ठेवल्यावर मी रडले. सुटले म्हणून की दादाची मान खाली गेली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तो माझ्याशी अजून धड बोलत नाही.

पुढच्या शनिवारी त्या मुलाचा फोन आला. मी भांडायच्या तयारीने उचलला. तो म्हणाला, मला विचारलं होतं, आणि तुम्हालाही विचारलंय असं सांगितलं होतं. ते खोटं निघालं, माफ करा. मग म्हणाला, "आता मी विचारतो. उत्तराची घाई नाही." मी म्हटलं, सध्या नाही. तो बरं म्हणाला आणि इथल्या हवेची चौकशी केली. तेव्हापासून दर शनिवारी त्याचा फोन येतो. कॉलेजातल्या गमती सांगतो, माझ्या ऑफिसातल्या ऐकतो, आणि ठेवायच्या आधी तोच प्रश्न विचारतो. मी तेच उत्तर देते.

दादाला वाटतं मी लग्न मोडलं. इथल्या चर्चमधल्या बायकांना वाटतं मी जिंकले. त्यांना काय सांगू? हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुला सांगते, आई. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण एखाद्या शनिवारी त्याने विचारलं नाही, तर मला ते सहन व्हायचं नाही.