भाऊबीजेचं तिकीट

राजूर, बुधवार

प्रिय किसना,

'प्रिय' लिहिलं ते रीत म्हणून. मनात होतं ते लिहिलं असतं, तर तुझ्या अमरच्या हाती हे पत्र देण्याची मला लाज वाटली असती. सकाळी तो तुझा कागद घेऊन आला, आणि मी हे लिहीपर्यंत बिचारा ओसरीत खाली मान घालून बसला आहे.

लॉटरी लागल्याचं मला तुझ्याकडून कळलं नाही. शेजारच्या अर्पितानं मोबाइलवर तुझा हार घातलेला फोटो दाखवला. एक कोटी! गावभर पेढे वाटायला तुला वेळ होता, सख्ख्या बहिणीला फोन करायला नव्हता. नागपूरला बंगला घेणार, अमरला गाडी घेणार, आणि आता कापूस कोण वेचत बसतं म्हणून मारेगावचं वावर विकायला काढलंस, हेही लोकांनीच सांगितलं.

कोणाचं वावर विकतोस रे? बापूजी गेले तेव्हा सहा एकरांत तीन माझे होते. त्यांची तेरवी झाली आणि आठवडाभरात तू मला हक्कसोडपत्रावर सही करायला कचेरीत नेलंस. "बाई, तुले कायले पायजे वावर? तुयं माहेर हायच ना," म्हणालास. मी सही केली. आपल्याकडे बहिणी करतातच. जी करत नाही तिला पुन्हा कोणी उंबरा चढू देत नाही. बदल्यात तू जांभळी साडी दिलीस. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला आणि यांचे दोन सदरे खराब झाले.

आणि ज्या माहेरासाठी तीन एकर सोडले, ते तरी कुठे मिळालं? यांचा खाणीत पाय मोडला त्या वर्षी मी एक पोतं तूर मागितली, तर तू मला भाव सांगितलास. सोळा वर्षं तो राग गिळला, आता गिळणार नाही.

भाऊबीज मात्र तू चुकवली नाहीस. नोट सुटत नाही म्हणून ताटात लॉटरीचं तिकीट टाकायचं, वर लागली तर तू करोडपती अशी मस्करी करायची. आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं तिकिटामागे तूच दरवर्षी लिहायचास, 'सौ. बेबीताई, राजूर, हिला भाऊबीज.' ओवाळून झालं की मी ते तुझ्याच खिशात ठेवायची, कारण आमच्याकडे निकाल बघायला पेपर येत नाही. यंदाही तसंच झालं.

तिकिटामागच्या त्या रेघा बक्षीस घेणाऱ्याच्या नावासाठी असतात, हे तुला तिकीट वटवायला गेल्यावर कळलं. मग बहीण आठवली. अमरनं आणलेल्या कागदावर लिहिलं आहे की बक्षीस माझ्या भावाचं, माझा त्यावर हक्क नाही. सोबत साडी. किसना, पुन्हा जांभळीच?

साडी आणि बिनसहीचा कागद परत पाठवते आहे. मुदत सोमवारी संपते, तेव्हा शनिवारी तिकीट घेऊन ये, आपण दोघं लॉटरीच्या कचेरीत जाऊ. नाही आलास तर पैसे बुडतील. मला त्याचं काही नाही, बिनपैशानं मी साठ वर्षं काढली आहेत. मिळाले तर त्यांचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. तू विकायला काढलेलं वावर मी घेणार, सहाही एकर, बाजारभावानं. बहीण म्हणून एक रुपया कमी करू नकोस. त्याआधी फक्त या बक्षिसावर तुझा हक्क नाही, असं तू मला लिहून दे. तुले कायले पायजे पैसे? तुया बहिणीचं घर हायच ना. फुकटात सही मागत नाही मी. अमरच्या पिशवीत तळाशी तुझ्यासाठी शर्टपीस ठेवला आहे. रंग जातो, वेगळा धू.

तुझीच,
बेबीताई