उलव्याचा चढता आलेख

उलवे,
५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
अभिरामचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले कात्रण पोचले. तुला कमी ऐकू येते म्हणून तू फोनवर ओरडून बोलतेस आणि मागच्या वेळी माझ्या स्थळाची बातमी अख्ख्या आळीला कळली. म्हणून पत्राने उत्तर देतो.

वर्तमानपत्रातल्या आलेखावर हौसेरावांनी उलव्याभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल काढला आहे, तो पाहिला. शहरात नोंदलेले गुन्हे वीस वर्षांत चढत गेले आणि उलव्याची रेघ तर गेल्या तीन वर्षांत शिडीसारखी उभी राहिली, हे मी नाकारत नाही. पण ती रेघ खाली येईपर्यंत ते आपल्या लेकीला, वैदेहीला इकडे देणार नसतील, तर माझे लग्न चोरांच्या मर्जीवर राहिले.

मी बारावी अर्धवट सोडलेला माणूस. तरी दोन रविवार वाशीच्या एका वाचनालयात बसून जुने अंक चाळले. पूर्वी सोनसाखळ्या ओढणारे फार होते, ते कमी झाले. घरफोड्याही उतरल्या, कारण आता प्रत्येक सोसायटीत कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याखाली झोपलेला का होईना, वॉचमन आहे. वाढले आहे ते फोनवरून फसवणे. शिवाय वीस वर्षांपूर्वी इथे भातखाचरे आणि खाडी होती, चोरायला खेकड्यांशिवाय होते काय? आता टॉवर आहेत. माणसे जितकी वाढली तितक्यांनी भागले, तर शहरातले गुन्हे कमीच झालेले दिसतात. भागाकार सोबत जोडला आहे, दोनदा तपासला आहे. तो हौसेरावांना दाखवावा.

दाराला मी दोन कड्या बसवून घेतल्या आहेत, हेही त्यांना सांगावे. किंवा नको, सांगू नये. दोन कशाला लागतात, असे ते विचारतील.

तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचे कळले. हे पत्र कोणाकडून वाचून घेतेस तेवढे कळव, म्हणजे पुढच्या वेळी बेताने लिहीन.

लोभ आहेच, तो या आलेखासारखा चढता असावा.

तुझा,
अभिराम

*

मु. पो. धामणवाडी,
१४ जानेवारी २०२५

चि. अभिराम यास अ. उ. आ.

डॉक्टरांनी महिनाभर लिहू-वाचू नका म्हणून बजावलंय. तेव्हा मी सांगतेय आणि वैदेही लिहितेय. तुझं पत्रही तिनंच वाचून दाखवलं. त्या दोन कड्यांपाशी आली तेव्हा असं हसू फुटलं पोरीला, मला वाटलं ठसका लागला. आता लाजून पत्र लिहायचं बंद करू नकोस. शेजारची पोर आहे, अक्षर चांगलं आहे, आणि फुकट लिहून देते.

तुझा भागाकार हौसेरावांपुढे ठेवला. चष्मा लावून वाचला त्यांनी. मग म्हणाले, माझी म्हैस मेली तर मी तिला गावच्या माणसांनी भागत बसत नाही, अख्खी मेली असंच धरतो. वर म्हणाले, आपल्या धामणवाडीचा आकडा बघा, वर्षानुवर्षं शून्य, आणि शून्यातून उचलून पोरीला त्या शिडीवर चढवू का? माणूस वाईट नाही रे. एकुलती एक लेक आहे, जीव घाबरतो त्यांचा. तू काही भागू नकोस आता, दुसरं काही सुचतंय का बघ.

(हे आत्या सांगत नाहीत, मी माझ्या मनानं लिहितेय. त्या दूध उतू जातंय का बघायला आत गेल्यात. मी तो आलेख नीट पाहिला. उलव्याची रेघ ज्या वर्षी वर चढायला लागली, त्याच वर्षी तुम्ही उलव्याला राहायला गेलात. बाबांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. आलं, तर चोर कोण ते त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. तेव्हा काय प्रकार आहे तो शोधून काढा. मला उलव्याला यायचं आहे. – वै.)

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी,
आत्या

*

उलवे,
२३ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.
पत्र वाचून दाखवणाऱ्यांस स. न. वि. वि.

मागच्या पत्रात काही मोकळेपणाने लिहिले गेले असल्यास क्षमा असावी. कंसातला मजकूर वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी चौकीत गेलो आणि किसन हवालदारांना सरळ विचारले, की मी इथे आलो त्याच वर्षी असे काय झाले. ते इतके हसले की आतून साहेब बाहेर आले.

झाले ते असे. मी सोसायटीच्या कार्यालयात कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल गेली. त्याच्या आईला अर्ज कसा लिहायचा ते ठाऊक नव्हते, म्हणून मी लिहून दिला. ऱ्हस्व-दीर्घ तपासून, समास सोडून. तो अर्ज चौकीत लगेच घेतला गेला. मग शेजारच्या सोसायटीतले आले, मग रिक्षावाले, मग गावठाणातल्या मावशी. काही चोरीला गेले की लोक आधी माझ्याकडे येतात, नंतर चौकीत जातात. मी पैसे घेत नाही, चहाही क्वचितच घेतो. किसन हवालदार म्हणाले, बाळा, चोर होते तेवढेच आहेत, अर्ज वाढलेत. पूर्वी लोक चौकीच्या पायरीपर्यंत यायचे आणि लिहायचं काय, या धास्तीनं परत फिरायचे.

म्हणजे आत्या, ज्या रेघेमुळे माझे लग्न अडले आहे ती रेघ मीच काढली आहे.

अर्ज लिहिणे थांबवले तर वर्षभरात ती खाली येईल, हे मला कळते. काल एक बाई गॅसचा सिलिंडर चोरीला गेल्याचे सांगत आल्या. मी म्हणालो, पेन नाही. त्या माझ्या खिशाकडे बघत राहिल्या. खिशात दोन पेने होती. शेवटी लिहून दिला. आता काय करू ते सांग. दोघींनी सांगितले तरी चालेल.

कृपा असू द्यावी, सध्या तिची गरज जास्त आहे.

तुझा,
अभिराम

*

मु. पो. धामणवाडी,
३१ जानेवारी २०२५

चि. अभिराम यास अ. उ. आ.

हे अर्जाचं हौसेरावांना अजिबात सांगू नकोस. अरे, जावई गुन्हे वाढवतो म्हटल्यावर कोण बाप पोरगी देईल? पुढच्या शनिवारी ते स्वतःच येताहेत. कांद्याच्या गाडीबरोबर एपीएमसी मार्केटला, आणि तिथला हिशेब उरकून तुझ्याकडे मुक्कामाला. म्हणतात, कागद पुष्कळ पाहिला, आता डोळ्यांनी बघतो. होकार की नकार ते त्यानंतर. तेव्हा घर झाडून ठेव, पिठलं जमतंय तेच कर, नवं काही करायला जाऊ नकोस. आणि दिवसभर गप्प बस. तुला गप्प बसायला जमतं, फक्त लिहू नकोस.

(आत्या पाणी प्यायला गेल्यात. आमच्या शून्याचंही ऐकून ठेवा. बाबांच्या विहिरीवरची मोटर तीन वेळा चोरीला गेली. वामनकाकांच्या मोटरची केबल दर उन्हाळ्यात जाते. आत्यांच्या कोंबड्यांचं तर विचारूच नका. पण चौकीत जाणं म्हणजे अब्रू घालवणं, असं इथं सगळे समजतात, म्हणून नोंद एकही नाही. तुम्ही मात्र आत्यांचं सगळंच ऐकू नका. – वै.)

देव पाठीशी आहे, मीही आहे.

तुझी,
आत्या

*

उलवे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.
वाचणाऱ्यांस स. न. वि. वि.

सगळे बिघडले आहे असे मला वाटते, तरी घडले तसे लिहितो.

हौसेरावकाका संध्याकाळी आले. दारात चपला काढल्या, खिसा चाचपला आणि तिथेच बसले. वाशीहून येताना बसच्या गर्दीत त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल गेला होता. मी पाणी दिले. ते चिडले नाहीत. उलट दार लावून घ्यायला सांगितले आणि हळू आवाजात म्हणाले, की आलेख मी दाखवत फिरलो आणि खिसा माझाच कापला गेला, गावात कळलं तर पोरंटोरंसुद्धा हसतील. मग म्हणाले, मी गप्प बसतो, तूही गप्प बस, पोरगी तुझी.

आत्या, खरे सांगतो, मी गप्प बसलो. पोळी वाढेपर्यंत बसलो. पण त्या फोनमध्ये त्यांच्या बँकेचे सगळे आहे. फोनवरून फसवलेल्यांचे अर्ज मीच लिहितो, पुढे काय होते ते मला ठाऊक आहे. मी ताट बाजूला ठेवून कागद घेतला. काका भडकले. म्हणाले, घरात आलेली लक्ष्मी परत पाठवणारा असा शहाणा मी पाहिला नाही. मग मला सगळेच सांगावे लागले, सायकलीपासून सिलिंडरपर्यंत. उलव्याची रेघ माझ्या हातची आहे, हेही सांगितले. ते उठले आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

चौकीत किसन हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. फोनचा रंग, कव्हर, गर्दीत शेजारी कोण होते, सगळे शांतपणे विचारून घेतले. बँकेला कळवून खाते तिथल्या तिथे बंद करवले. शिक्का मारलेली प्रत काकांच्या हातात आली, ती त्यांनी दिव्याच्या खांबाखाली उभे राहून वाचली. फोन काही मिळालेला नाही. घरी आल्यावर त्यांनी गार पिठले खाल्ले आणि विचारले, की चोरी जुनी असली तर तिचा अर्ज होतो का. मोटरचे तीन अर्ज लिहिता लिहिता उशीर झाला. तिसरी मोटर नेणारा कोण, याचा त्यांना संशय आहे. तो तुझ्याच आळीतला आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

सकाळी ते अर्ज घेऊन गेले. लग्नाविषयी एक शब्द बोलले नाहीत. मला काय समजायचे ते कळत नाही.

राग आला असल्यास स्पष्ट लिहावे, पण लिहावे.

तुझा,
अभिराम

*

मु. पो. धामणवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

श्री. अभिराम यांस,
वैदेहीचा स. न. वि. वि.

आज आत्या सांगत नाहीत, मीच लिहितेय. त्या ओट्यावर बसून साखर वाटताहेत.

बाबा आले ते थेट त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, पोरगी हातची जात असताना जो खरं लिहितो तो तिच्यापाशी काही लपवणार नाही. मग दोघंही रडले आणि मला चहा टाकायला सांगितलं. साखरपुडा चैत्रात धरलाय. तुमची हरकत असल्यास अर्ज करावा, तो नामंजूर होईल.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याच्या चौकीत गेले. तिन्ही अर्ज घेतले गेले, तिन्हींवर शिक्का मिळाला. येताना ते कागद हातात धरून भर बाजारातून चालत आले. तेव्हापासून आमच्या अंगणात रांग आहे. वामनकाकांची केबल, शाळेची घंटा, देवळातली समई, कोणाचं काय आणि कोणाचं काय. बाबा सांगतात, मी लिहिते, ऱ्हस्व-दीर्घ तुमच्यासारखं जमत नाही. आत्यांनी कोंबड्यांचा अर्ज एकेका कोंबडीच्या नावानिशी लिहून घेतला. तिसरी मोटर काल पहाटे आपोआप विहिरीवर येऊन बसलेली सापडली.

एकच घोळ झालाय. वामनकाकांच्या हितेशचं जुळत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी काल नकार कळवला. म्हणाले, स्थळ चांगलं आहे, पण धामणवाडीत हल्ली चोऱ्या फार वाढल्यात असं ऐकतो.

लोभ धरलाच आहे, आता सोडू नये.

आपली,
वैदेही