सुमनकाकीच्या नावचं शून्य

मंगळवार, सांजच्याला

आई आमच्या वस्तीची आशाताई हाय. शाळा सोडली तवापासून तिच्या म्हैन्याच्या रिपोर्टासाठी घरोघर मीच विचारत फिरते. गेल्या म्हैन्यात सुमनकाकीच्या ओट्यावर तिचा सासरा बसलेला. मी लाजले, तशीच माघारी आले आन् गरोदर बायांच्या रकान्यात शून्य लिवलं.

आज रक्तवाढीच्या गोळ्या आल्या. आमच्या वस्तीला एकबी न्हाई. नर्सबाई म्हनल्या, "वरचे सायब कागद बघून धाडत्यात गं, पोट बघून न्हाई."

गोळ्या घ्यायला आलेली काकी हसली. "सातवा लागलाय, आन् मी शून्य व्हय गं?"

उद्या ती ऊसतोडीला चाललीय. कशापायी लाजले मी? दिवस गेलेत का, एवढंच तर विचारायचं होतं.

नव्या कागदावर आत्ताच एक लिवलाय. पन गोळ्या येतील तवा काकी फडात आसंल.