क्रियापद म्हणजे हेडक्लार्क

१० जुलै, सायंकाळी ६
भिंगरीला व्याकरणाच्या चाचणीत वीसपैकी आठ. (नोंदीसाठी: भिंगरी म्हणजे माझी नात, इयत्ता चौथी.) सूनबाई शिकवणी लावायचं म्हणत होती. मी म्हटलं, आवक-जावक विभागाचा निवृत्त हेडक्लार्क घरात असताना बाहेरची माणसं कशाला? एकतीस वर्षं मसुदे केले. साहेबांनी एकाही मसुद्यात काना-मात्रा बदलली नाही. वाचतच नव्हते, असं ही म्हणते. ही म्हणजे पत्नी.
सूनबाई ‘बरं बाबा’ म्हणाली. फार लवकर म्हणाली. कुठेतरी पाणी मुरतंय.
संकल्प: रोज पाच ते सहा. खाडा नाही.

१२ जुलै
पहिला तास. (काल फळ्याची जागा ठरवण्यात वेळ गेला.) पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं. पुस्तकं समित्या लिहितात आणि समित्या कशा चालतात हे मला कोणी सांगायला नको.
आज झालेला भाग. सर्वनाम: सर्वांना चालेल असं नाम, उदा. माणूस. क्रियापद: क्रिया करणाऱ्याचं पद, उदा. हेडक्लार्क. भिंगरीने विचारलं, मग ‘मांजर दूध पिते’ यात क्रियापद कुठलं? मी सांगितलं, मांजर नोकरीला नसल्यामुळे या वाक्यात पद रिक्त आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं.
शंका विचारते म्हणजे डोकं आहे. माझ्यावर गेली आहे.

१३ ते १५ जुलै
तास नाही. गुडघा. भरपाई रविवारी.

१६ जुलै, रविवार
विरामचिन्हं एका बैठकीत संपवली. स्वल्पविराम म्हणजे तासाभराची सवलत, अर्धविराम म्हणजे हाफ डे, पूर्णविराम म्हणजे निवृत्ती. साहेब अचानक दारात उभे राहिले की उद्गारचिन्ह. इतकं सोपं कोणी सांगत नाही, कारण मग शिकवण्या चालणार नाहीत.
नंतर उच्चार. अनुस्वार कसा म्हणायचा ते नाकातून दहा-बारा वेळा म्हणून दाखवलं. आतून ही वाफारा घेऊन आली. सर्दी झालीय असं वाटलं म्हणे. खरंच वाटलं की मुद्दाम आणला, हे सांगता येत नाही.

१९ जुलै, दुपार
झोपेतून उठून बाल्कनीत गेलो. भिंगरी आणि ही डोकं जोडून बसल्या होत्या, मध्ये पुस्तक. मला बघताच पुस्तक मिटलं. काय चाललंय विचारलं. ही म्हणाली, काही नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ‘काही नाही’ असा शेरा ज्या फाइलवर असतो त्याच फाइलमध्ये सगळं असतं.

२४ जुलै
दुसऱ्या चाचणीचा पेपर आला. वीसपैकी तीन.
पेपर स्वतः तपासला. प्रत्येक उत्तर मी सांगितलं तसंच, शब्दही इकडचा तिकडे नाही. म्हणजे चूक मुलीची नाही. बाईंनी लाल शाईत तीन ठिकाणी लिहिलंय, ‘हे कोणी सांगितले?’ आधी वाटलं, कौतुकाने विचारतायत. पण मार्क भोपळ्याच्या आसपास आणि कौतुक, हे जुळत नाही. बाईंच्या मनात काहीतरी आहे.
सोबत चिठ्ठी. पुढच्या चाचणीतही असंच झालं तर भिंगरीला वेगळ्या गटात बसवणार. तो गट शेवटच्या खोलीत असतो आणि तिची बाकमैत्रीण तिथे नसणार. पहिलीपासून दोघी एका बाकावर आहेत. भिंगरी जेवली नाही. सूनबाईने पुन्हा शिकवणीचा विषय काढला, या वेळी जरा मोठ्या आवाजात. मी म्हटलं, एक संधी द्या, बाईंशी मी बघतो.
बाईंना पत्र लिहिलं. दोन पानं. कडक.

२६ जुलै
पत्र परत आलं. भिंगरीच्या दप्तरातूनच. ‘परिक्षा’चं ‘परीक्षा’ केलंय, ‘मुल्यमापन’चं ‘मूल्यमापन’, ‘विद्यार्थीनी’चं ‘विद्यार्थिनी’. खाली एवढंच: ‘एकदा भेटू या.’
माझा एकही मुद्दा खोडता आलेला नाही. मुद्द्यावर हरली की माणसं वेलांटीवर घसरतात.

२९ जुलै, सकाळी ७
दप्तराची तपासणी केली. हे चोरून नव्हे, पालक या नात्याने. तळाशी दुसरी वही सापडली. निळं कव्हर, त्यावर माशाचं चित्र चिकटवलेलं. आत भिंगरीचंच अक्षर, पण उत्तरं वेगळी. ‘क्रियापद: वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द. उदा. पिते.’ ‘सर्वनाम: नामाऐवजी येणारा शब्द. उदा. मी, तू, ती.’
सगळा उलगडा झाला. घरच्यांनी गुपचूप दुसरा मास्तर लावलाय. त्यानेच पोरीच्या डोक्यात गोंधळ घातला, म्हणून तीन मार्क.
संशयित: खालच्या मजल्यावरचा मुद्रितशोधक. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, सवय जात नाही. जिन्यात लावलेल्या माझ्या सूचनेवरही त्याने एकदा पेन्सिल चालवली होती. त्याच्याकडे काचेच्या पेटीत मासे आहेत. वहीवर मासा आहे. दोन अधिक दोन.

१ ऑगस्ट, दुपारी ४.१० पासून
पाळत. जिन्याच्या वळणावर, पेपर वाचण्याच्या निमित्ताने. भिंगरी शाळेतून आली, सरळ त्याच्या दारात. पंधरा मिनिटांनी बाहेर पडली. ती वर गेल्यावर मी आत शिरलो आणि सरळ विचारलं, माझ्या नातीला काय शिकवता?
तो म्हणाला, काही नाही, ती मासे बघायला येते. मात्र परवा तिने एक प्रश्न विचारला: एखाद्याची चूक त्याला वाईट न वाटता कशी सांगायची? त्याने सांगितलं, लेखक रागीट असला की तो समासात पेन्सिलीने लिहायचा आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकायचा, म्हणजे सांगितल्यासारखं होतं आणि न सांगितल्यासारखंही.
हा रागीट लेखक कोण, ते विचारायचं राहिलं. वर्गातल्या कोणाबद्दल असेल. माणूस मला चहा विचारत होता. घेतला नाही. बोलता बोलता काहीतरी काढून घेतात.

४ ऑगस्ट
बाईंचा फोन, सूनबाईकडे. उद्या साडेचारला ‘घरी जे शिकवतात त्यांनीच’ यावं. बघा. दोन पानांच्या पत्राचा परिणाम. माफी मागतील किंवा पालकांसमोर मार्गदर्शन करा म्हणतील. दोन्हीची तयारी ठेवली. शर्टला इस्त्री केली. दहा मिनिटांचं भाषण लिहून काढलं. शब्द एकदा तपासून दे असं हिला म्हणणार होतो, पण म्हटलं नको.

५ ऑगस्ट, सायंकाळी ७
घडलं तसं लिहितो.
वर्गात पालक नव्हते. नुसत्या बाई. वयाने सूनबाईएवढ्या, खडूने बोटं पांढरी. मला पोरांच्याच बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला टेकले. भिंगरीला त्यांनी मैदानात पाठवलं. मी खिशातून भाषण काढत होतो, तेवढ्यात त्यांनी पेपर समोर ठेवला.
म्हणाल्या, “आजोबा, तोंडी विचारलं तर हिला सगळं येतं. एकही चुकत नाही. कागद दिला की तुमचं लिहिते.”
मी म्हटलं, गोंधळत असेल. दुसरा मास्तर.
बाई म्हणाल्या, “मास्तर कोणी नाही, ती वर्गात नीट ऐकते, निळ्या वहीत लिहून घेते. मी तिला विचारलं, असं का करतेस? म्हणाली, तोंडी उत्तर घरी जात नाही, पेपर जातो. आजोबा वाचतात.”
मी वेगळ्या गटाचं विचारलं. तिला ते ठाऊक आहे, असं बाईंनी सांगितलं. चिठ्ठी देतानाच समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, चालेल.
भाषण खिशातच राहिलं. बाकावरून उठताना बाईंनी हात दिला, तोही घ्यावा लागला.
परत येताना दप्तर मी घेतलं. मग मी विचारलं, माझं चुकतंय हे तुला कधी कळलं? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. मग बोलली का नाहीस?
ती म्हणाली, “शिकवताना तुम्ही उभे असता, आजोबा. नाहीतर दिवसभर बसलेलेच असता.”
ऊन होतं. डोळ्यात गेलं.

६ ऑगस्ट
हिला विचारलं, बाल्कनीत काय चाललं होतं? भिंगरी पाठ म्हणून दाखवायची आणि ही पुस्तकात पडताळून बघायची. तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, “अहो, एकतीस वर्षं साहेबांनी नाही सांगितलं, मी कशी सांगणार?”
या वाक्यात टोमणा आहे की माया, यावर सकाळपासून विचार करतोय.
भिंगरीला लेखी आदेश दिला: यापुढे पेपरात पुस्तकातलंच लिहावे. खाली सही केली. तिने ‘पुस्तकातलंच’ला ‘लिहावं’ चालेल की ‘लिहावे’, असं आदेशाच्या समासात हळूच लिहून विचारलं. शेजारी प्रश्नचिन्ह होतं. पेन्सिलीचं.

१४ ऑगस्ट
तिसरी चाचणी. वीसपैकी एकोणीस. बाक तोच, मैत्रीण तीच. सूनबाईने माझ्यासमोर शिकवणीचं नाव काढलं नाही आणि चहात साखर बरोबर घातली.
श्रेय अर्थात पायाभरणीला. पाया खोल असतो, दिसत नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणालो नाही.

१७ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०
पाच ते सहाचा तास चालूच आहे, फक्त खडू भिंगरीच्या हातात असतो. तिच्या मते मी लक्ष देतो पण घाई करतो. आज तिने माझी चाचणी घेतली. वीसपैकी साडेसहा. अर्धा मार्क अक्षरासाठी. पेपर पालकांची सही घेऊन आण म्हणाली. मी विचारलं, माझे पालक कोण? तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.
गेलो. हिने हात पुसले, चष्मा लावला, आणि सही करायची सोडून पहिल्या प्रश्नापासून पेपर वाचायला बसली. वीस मिनिटं झाली. मधूनमधून खांदे हलतात. सही उद्या बघू म्हणते.
हिचा काय विचार आहे, कळत नाही.