छातीइतकं पाणी

सोमवार, ५ मे

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाबाचा वरचा आकडा १६६, खालचा १०२. जिना चढून आल्याचं सांगितलं, पण त्यांनी ते धरलं नाही. दवाखाना तळमजल्यावर आहे, असं बायको मध्येच म्हणाली. असेल, पण तीन पायऱ्या आहेत.

सहा आठवड्यांची मुदत मिळाली. मीठ कमी आणि रोज अर्धा तास पाण्यातला व्यायाम. आकडा १४०च्या खाली आला नाही, तर गोळी. गोळी मी घेणार नाही. वडिलांना लिहून दिली होती, वर्षाच्या आत वडील गेले. पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती, असं बायको म्हणते. ती तपशिलात फार शिरते.

मंगळवार, ६ मे

पोहण्याच्या तलावाचा पास दोघांचाच मिळतो. बायकोची नोकरी सकाळची, म्हणून दुसरं नाव सासूबाईंचं घातलं. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात. म्हणजे त्यांना सांभाळणं माझ्याकडे आलं. पाण्याची भीती नाही ना वाटत, असं विचारून घेतलं. तुम्ही असल्यावर कसली भीती जावईबापू, म्हणाल्या. बरोबर आहे. सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत.

बुधवार, ७ मे, सकाळी ७

पाणी छातीइतकं आहे, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. कुणाच्या छातीइतकं, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. आज फक्त पाहणी केली. आमच्या खात्यात पाहणीशिवाय काम सुरू होत नाही.

सासूबाई उतरल्या.

सोमवार, १२ मे

पाहणी पूर्ण. क्लोरीन जास्त वाटतं. बाईंना तोंडी कळवलं. त्यांनी विचारलं, उतरताय कधी.

चौदा बायका गाणं लावून पाण्यात उड्या मारतात. मध्येच एक पुरुष गेला तर त्यांना संकोच होईल. तो विचार मलाच करावा लागतो. त्याऐवजी पंचवीस मिनिटं शॉवरखाली उभा राहिलो. हात वर, हात खाली. शेवटी तेही पाणीच. दुपारी दोरीवरचा ओला टॉवेल बघून बायको खूश.

सोमवार, १९ मे

रक्तदाबाचं मशीन आणलं. डॉक्टरांसाठी रोज तक्ता भरायचा. पद्धत ठरवली: पाच वेळा मोजायचं, सगळ्यात कमी आकडा लिहायचा. आज १६८, १६४, १७१, १६३, १५८. लिहिला १५८. शॉवरचा गुण येतोय.

रविवार, २५ मे

सासूबाईंना बाईंनी पहिल्या रांगेत घेतलं. फोमची काठी धरून पाण्यात एका पायावर उभ्या राहतात. घरी येताना जिन्यात दोनदा थांबल्या, मी येईपर्यंत. दम लागला असणार.

रविवार, ८ जून

नऊ वेळा मोजलं. १५९च्या खाली उतरेना. दंडावर वळ उठले. मशीन टेबलावर तसंच टाकून चहा प्यायला गेलो. परत आलो तर पडद्यावर १२२/७८.

सासूबाई आपला मोजून गेल्या होत्या. पण मशीन माझं, तक्ता माझा. 'विश्रांतीनंतर' असा शेरा मारून लिहिला. विश्रांती मी घेतलीच होती.

रविवार, १५ जून

आठवडाभर विश्रांतीनंतरचेच आकडे लिहिले. उद्या डॉक्टर. मी जवळजवळ बरा झालो आहे.

बायकोने तक्ता पाहिला आणि ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. म्हणाली, सहा आठवडे झोप नाही, तुझंही बाबांसारखंच होणार असं वाटत होतं. मला छातीत जरा चुटपुटल्यासारखं झालं. चहा कमी करायला हवा.

सोमवार, १६ जून

डॉक्टर तक्ता पाहून खूश. पट्टा बांधला. १७०/१०४. दुसरं यंत्र आणलं. १७२.

बायको आणि सासूबाई सोबत होत्या. सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता हातात घेतला. हे एकशेबावीस माझं, म्हणाल्या, आणि हे खालचं एकशेअठराही माझंच, त्या दिवशी मी देवासारखी शांत बसले होते. मग डॉक्टरांना सावकाश सांगितलं, जावईबापूंना पाण्याची भीती वाटते, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण पुरुषमाणसाला कसं विचारायचं.

बायकोने वाटेत गोळ्या घेतल्या आणि पिशवी स्वतःकडेच ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १७ जून

गोळी घेतली. ग्लास रिकामा होईपर्यंत बायको समोर उभी होती. मग जीभ दाखवायला सांगितली.

सात वाजता पाण्यात उतरलो. छातीइतकंच आहे. शेवटची रांग. सासूबाई पहिली रांग सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि अर्धा तास त्यांनी माझा हात सोडला नाही.

वय झालं की माणसाला आधार लागतो. त्यांच्यासाठी उद्याही जावं लागणार.