निळीतलं पांढरं

१२ नोव्हेंबर २००७, बोरी अरब
काल भाऊबीजेला वंदी माहेरी आली नाही, म्हणून तिचा भाऊ तिच्या सासरी गेला आणि तिला घेऊनच आला. आज पोलीस ठाण्यातून थेट माझ्या फोटो स्टुडिओत. ठाण्यात म्हणाले, खुणांचे रंगीत फोटो आणा. माझी शाळेतली वंदी. पाठीवर पट्ट्याचे वळ, दंड काळेनिळे. नवरा संजय कापसाचा दलाल. भाव पडला की रागाने हाणतो, चढला की पिऊन हाणतो. हात झडोत मेल्याचे.

१४ नोव्हें.
ठाण्यातून प्रिंट परत आले. जमादार म्हणे, "ताई, हे त जुनं दिसते. पिवळं पडलं." खरंच. पाठ हळद लावल्यासारखी.
दुपारी डोक्यात उजेड पडला. व्हाइट बॅलन्स. या नव्या कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं, पांढरं म्हणजे हे. मी दाखवली मागची चादर. अम्मी तिला दर धुण्यात भरपूर नीळ देते. आपल्याकडे पांढरं म्हणजे तेच. कॅमेऱ्यानेही ते खरं मानलं आणि फोटोतला निळा रंग काढून टाकला, वळांतलासुद्धा. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

१५ नोव्हें.
यवतमाळहून राखाडी कार्ड मागवलं, त्यात कुठल्याच रंगाची झाक नसते. वंदीला बसवून त्याच दिव्याखाली तिच्याजवळ धरलं, त्यावर व्हा.बॅ. घेतला. रंग बरोबर. वळ उतरायला लागलेत, पण अजून दिसतात.
शेवटचा फोटो झाला आणि संजय आत. "नंगी पाठ दाखवून राह्यली गावाले?" केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी दिव्याचा स्टँड उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. पडला. पडल्यावर आणखी एकदा घातला. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ नोव्हें.
संजयने माझ्यावर तक्रार दिली. त्यालाही फोटो हवा, आणि जवळ स्टुडिओ एकच. जमादार त्याला घेऊन आला, माझ्याकडे बघेना. संजय स्टुलावर बसला, कपाळाला टाके.
चादर मागेच होती. तिच्यावरून पांढरं घेतलं असतं तर याचीही जखम जुनी. हात शिवशिवत होते. पण एक फोटो खोटा निघाला तर वंदीचेही खोटे ठरतील. कार्डच धरलं. फोटो लालभडक आला, अगदी खरा.
जाताना म्हणाला, "तिले सांग, तिनं केस वापस घेतली त मी बी घेतो. नाही त तू आतमंदी."
हे मीच त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या फटक्याने तर नक्कीच.

१७ नोव्हें.
वंदी आली. तिचे प्रिंट, त्याचा प्रिंट शेजारी ठेवून बराच वेळ पाहत होती.
"मी वापस घेईन. माह्यापायी तू कायले आत जाशीन?"
"जाईन. तुले काय करायचं? तू नको घेऊ."
"अन् अम्मीले कोण पाहील?"
मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. अम्मी आतून बाहेर आली आणि परत गेली.
उद्या दोघींना ठाण्यात बोलावलंय. आधी जिचा जबाब होईल, तिच्याच मनासारखं होणार. वंदीने तिचे प्रिंट पदराखाली घेतले. दारातून विचारलं, "आधी कोनाले बोलावतीन? तुले का मले?"